पुशरॉडची योग्य लांबी : इंजिन बांधणीतील शेवटचे माप

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषयाचा प्राध्यापक. भाताचे वाण, रोपांचे वय, खतांच्या मात्रा हे माझे नेहमीचे विषय. मग आज इंजिनाच्या पोटातील एका सळईवर बोलायला मी का उभा आहे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण शेतीतच आहे.

आपल्या भागात भाताची लावणी पावसाच्या आणि चिखलणीच्या वेळापत्रकावर चालते. राबातील रोपे साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी उरकावी, अशी शिफारस आपण करतो. कर्जत-१८४, कर्जत-३ यांसारख्या हळव्या वाणांना तर उशीर अजिबात मानवत नाही. त्यांचे एकूण आयुष्यच कमी. रोप राबात जास्त दिवस थांबले की लावल्यानंतर फुटवे धरायला त्याला दिवस उरत नाहीत. अशा वेळी पॉवर टिलरचे इंजिन आठ दिवस मिस्त्रीकडे पडून राहिले, तर जे नुकसान होते ते मिस्त्रीच्या बिलात दिसत नाही. ते कापणीला दिसते.

उन्हाळी हंगामातही तेच. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो, पेज नदी वाहती राहते. खोपोलीच्या वीजकेंद्राचे पाणी पाताळगंगेला मिळते. या पाण्यामुळेच आपल्याकडे उन्हाळी भात आणि भाजीपाला होतो. जिथे वीज पोचत नाही किंवा पुरत नाही, तिथे पाणी उचलायला आजही डिझेल पंप लागतो. भात फुलोऱ्यात असताना पंप बंद पडला तर पळीजाचे प्रमाण वाढते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इंजिन जुने झाले की आपण ते उतरवतो, लायनर-पिस्टन बदलतो, व्हाल्व घासून घेतो, हेडचे फेसिंग करतो. खर्च बराच होतो. आणि एवढे करूनही काही इंजिने महिन्याभरात पुन्हा कुरकुरू लागतात. हँडल मारून दंड भरून येतात, धूर होतो, व्हाल्व जळतो, पुशरॉड वाकतो. यामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतील एक कारण असे आहे की जे मोजायला फारसा खर्च लागत नाही, पण सहसा कोणी मोजत नाही. ते म्हणजे पुशरॉडची लांबी.

पुशरॉड काय करतो?

इंजिनाच्या खालच्या अंगाला कॅमशाफ्ट असतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो. टॅपेट पुशरॉडला ढकलतो. पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला वर उचलतो आणि तराजूच्या दांडीप्रमाणे रॉकरचे दुसरे टोक खाली जाऊन व्हाल्व उघडते. कॅमचा उंचवटा सरकला की स्प्रिंग व्हाल्वला परत बसवते. रॉकरच्या पुशरॉडकडील टोकाला एक स्क्रू असतो. त्याचे खालचे गोल टोक पुशरॉडच्या वाटीत बसते व वर लॉकनट असतो. टॅपेट सेट करताना आपण हाच स्क्रू फिरवतो.

या साखळीला विश्रांती नसते. पाच अश्वशक्तीचे किर्लोस्कर ए.व्ही.-१ इंजिन घ्या. त्याचा बोअर ८० मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी. आणि गती मिनिटाला १५०० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हाल्व एकदा उघडतो. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५ हजार वेळा आणि आठ तासांच्या पाळीत ३ लाख ६० हजार वेळा. मिनिटाला २४०० फेरे घेणाऱ्या पॉवर टिलरच्या इंजिनात हाच आकडा तासाला ७२ हजार होतो. एवढ्या वेळा जी सळई धक्का खाते, ती तिरकी, सैल किंवा ताठून बसली असेल तर झीज किती लवकर होईल याचा विचार करावा.

इंजिन बांधल्यावर लांबी का बदलते?

पुशरॉड स्वतः वाढत किंवा कमी होत नाही. बदलते ते टॅपेट आणि रॉकर यांच्यामधले अंतर. इंजिन नवे असताना हे अंतर आणि रॉड एकमेकांना जुळते असतात. बांधणीत आपण जे जे घासतो, कापतो किंवा जाडीने बदलतो, त्यामुळे हे अंतर हलते. ते कसे, हे एकेक करून पाहू.

१) हेडचे फेसिंग : हेडचा तळ अर्धा मि.मी. कापला, तर हेडबरोबर रॉकरही अर्धा मि.मी. खाली येतो. रॉड तेवढाच आखूड लागतो. ब्लॉकचे तोंड कापले तरी हाच परिणाम होतो.

२) हेडचे पॅकिंग : जुन्यापेक्षा पातळ पॅकिंग बसवले तर रॉड आखूड लागतो, जाड बसवले तर लांब लागतो. सिलिंडरच्या बुडाखाली पॅकिंग असेल तर त्यालाही हाच नियम. पॅकिंगची जाडी हेड आवळल्यानंतर जी उरते ती धरावी. नव्या पॅकिंगची जाडी धरू नये.

३) व्हाल्व सीट कापणे : सीट कापल्यावर व्हाल्व हेडमध्ये आत बसतो आणि त्याची दांडी रॉकरच्या बाजूला वर येते. रॉकरचे ते टोक उचलले गेले की दुसरे टोक खाली जाते. म्हणून रॉड आखूड लागतो.

४) व्हाल्वच्या दांडीचे टोक घासणे : सीट कापण्याच्या उलट परिणाम होतो. रॉड लांब लागतो.

५) कॅमशाफ्ट ग्राइंड करणे किंवा टॅपेटचे तोंड घासणे : टॅपेट खाली बसतो, त्यामुळे रॉड लांब लागतो.

६) रॉकरच्या स्टँडखाली पत्रा घालणे : रॉकर वर जातो व रॉड लांब लागतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही वाढ पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त असते, कारण स्टँड वर गेला तरी व्हाल्वचे टोक जागेवरच राहते आणि रॉकर तिरका होतो. रॉकरचे प्रमाण सव्वापट असेल तर १ मि.मी. पत्र्याला रॉड १.८ मि.मी. लांब लागतो.

रॉकरचे प्रमाण म्हणजे शाफ्टपासून व्हाल्वपर्यंतचे अंतर भागिले शाफ्टपासून पुशरॉडपर्यंतचे अंतर. व्हाल्वकडे झालेला बदल पुशरॉडकडे मोजताना या प्रमाणाने भागावे लागते.

आता समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. हेड ०.५ मि.मी. कापले. सीट कापल्यामुळे व्हाल्वची दांडी ०.५ मि.मी. वर आली. रॉकरचे प्रमाण १.२५ आहे. टॅपेटचे तोंड ०.२ मि.मी. घासले. पॅकिंग पहिल्याच जाडीचे आहे. मग,

हेडमुळे रॉड आखूड लागेल : ०.५० मि.मी.
सीटमुळे आखूड लागेल (०.५ भागिले १.२५) : ०.४० मि.मी.
टॅपेटमुळे लांब लागेल : ०.२० मि.मी.
निव्वळ फरक : ०.७० मि.मी. आखूड.

रॉकरच्या स्क्रूच्या आट्याचे अंतर १ मि.मी. असेल, तर स्क्रू पाऊण फेऱ्याच्या आतबाहेर मागे घेतला की काम भागते. म्हणजे पहिल्या बांधणीत जुनाच रॉड चालतो. परंतु तेच इंजिन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उतरवले आणि प्रत्येक वेळी तेवढेच कापले गेले, तर फरक २.१ मि.मी. होतो. त्यात कोणी दुसऱ्या बनावटीचा ३ मि.मी. लांब रॉड "बसतोय की" म्हणून बसवला, तर स्क्रूला जागाच उरत नाही. तिथून खऱ्या अडचणी सुरू होतात.

लांब आणि आखूड रॉडची लक्षणे

रॉड लांब असला तर स्क्रू पूर्ण मागे घेतला तरी टॅपेटची फट मिळत नाही. व्हाल्व सीटवर पूर्ण बसत नाही. दाबलेली हवा तिथून निसटते. डिझेल इंजिन हवेच्या दाबाने तापलेल्या हवेवर पेट घेते, त्यामुळे सकाळी इंजिन लवकर चालू होत नाही. एक्झॉस्ट व्हाल्व तर आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच बाहेर सोडतो. तो टेकलाच नाही तर त्याची कड जळते. शिवाय पिस्टन वर असताना उघडा राहिलेला व्हाल्व पिस्टनवर आपटण्याचा धोका असतो. तसे झाले तर रॉड वाकतो, व्हाल्वची दांडी वाकते, आणि व्हाल्वचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले तर नवी बांधणी पूर्ण वाया जाते.

रॉड आखूड असला तर स्क्रू खूप खाली काढावा लागतो. रॉकरमध्ये आणि लॉकनटमध्ये त्याचे थोडेच आटे धरलेले राहतात. स्क्रू हलतो, वाकतो, लॉकनट ढिला होतो. काही रॉकरमध्ये तेलाची वाट या स्क्रूतूनच जाते, ती सरकून वाटी कोरडी पडते. फट वाढत गेली की टिकटिक आवाज येतो, व्हाल्व उशिरा व कमी उघडतो, हवा कमी शिरते आणि भार आल्यावर काळा धूर दिसतो. शेवटी एखाद्या दिवशी रॉड वाटीतून निसटतो.

येथे एका समजुतीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणजे बांधणी चांगली झाली, असे आपण मानतो. आवाज करणारे इंजिन मालकाला अस्वस्थ करते आणि मिस्त्रीलाही. म्हणून स्क्रू आवळून आवाज घालवला जातो. परंतु फट नसलेले इंजिन सगळ्यांत शांत चालते आणि सगळ्यांत लवकर व्हाल्व जाळते. हलका, एकसारखा टिकटिक आवाज हा दोष नाही.

आधी व्हाल्वची बाजू, मग रॉड

मोटारींच्या शर्यतीसाठी इंजिने बांधणारे कारागीर पुशरॉडच्या लांबीला फार महत्त्व देतात. अमेरिकेत अशा इंजिनांसाठी इंचाच्या पाच शतांश भागाच्या, म्हणजे सुमारे सव्वा मि.मी.च्या टप्प्यांनी वेगवेगळ्या लांबीचे रॉड विकत मिळतात. त्यांच्या अनेक इंजिनांत प्रत्येक रॉकर स्वतंत्र बोल्टवर बसतो आणि त्याची उंची नटाने ठरते. तिथे रॉडची लांबी बदलली की रॉकरची उंची आणि व्हाल्ववर त्याचे टेकणे, दोन्ही बदलतात.

आपल्या शेतीच्या इंजिनांत रॉकर साधारणपणे शाफ्टवर बसलेला असतो आणि शाफ्टची उंची पक्की असते. त्यामुळे रॉकर व्हाल्वच्या टोकावर कसा टेकेल हे स्टँडची उंची आणि व्हाल्वच्या दांडीची उंची ठरवतात. रॉडची लांबी फक्त एवढेच ठरवते की स्क्रू त्याच्या चालीत कुठे उभा राहील. हा फरक समजला की कामाचा क्रम आपोआप ठरतो. व्हाल्वच्या बाजूचा दोष रॉड बदलून जात नाही. म्हणून आधी व्हाल्वची बाजू दुरुस्त करावी आणि रॉड सर्वांत शेवटी निवडावा.

व्हाल्वची बाजू तपासायची सोपी रीत अशी. व्हाल्वच्या टोकावर स्केचपेनची शाई लावावी. टॅपेट सेट करून फ्लायव्हील हाताने चार-सहा फेरे फिरवावे. रॉकर काढून पाहावे. शाई जिथे पुसली गेली ती पट्टी टोकाच्या मधोमध आणि अरुंद असावी. पट्टी कडेला गेली असेल किंवा फार रुंद असेल, तर रॉकर दांडीला बाजूला ढकलतो आहे. त्यामुळे व्हाल्व गाइड लांबट झिजते.

दुसरी खूण तराजूची. व्हाल्व बंद असताना रॉकरचे नाक जेवढे वर, तेवढेच ते व्हाल्व पूर्ण उघडल्यावर खाली गेले पाहिजे. निम्मा उघडला असताना रॉकर दांडीशी काटकोनात असावा. सीट खूप कापल्यामुळे नाक सतत वरच राहत असेल, तर दांडीचे टोक मर्यादेत घासावे किंवा स्टँडखाली मापाचा पत्रा द्यावा. टोक कडक केलेले असते, त्यामुळे जास्त घासू नये. त्यापेक्षा नवी सीट बसवून घेणे चांगले. स्टँडखाली पत्रा देताना तेलाचे भोक झाकले जाणार नाही याची खात्री करावी.

लांबी कशी मोजावी?

हेड शेवटच्या वेळी मापाने आवळून झाले, पॅकिंग बसले, व्हाल्वची बाजू जुळली, की मगच मोजणी करावी. त्यासाठी एक मापाचा रॉड तयार करून घ्यावा. जुना सरळ रॉड मधोमध कापून लेथवर त्यात आट्यांची सळई व नट बसवून घेतले की तो कमीजास्त लांब करता येतो. गावातील मिस्त्रीकडे असा एक रॉड प्रत्येक जातीच्या इंजिनासाठी असला तर सर्वांचीच सोय होईल. हा रॉड फक्त मोजण्यासाठी आहे. त्यावर इंजिन चालवू नये.

१) फ्लायव्हील फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टी.डी.सी.वर आणावा. दोन्ही व्हाल्व बंद असले पाहिजेत. एक्झॉस्ट मिटून सक्शन उघडत असतानाही पिस्टन वर असतो, ती जागा धरू नये.

२) रॉकरचा स्क्रू त्याच्या चालीच्या मध्यावर ठेवावा. बहुतेक रॉकरमध्ये खाली दोन-तीन आटे दिसले की ही जागा येते. लॉकनट आवळावा.

३) मापाचा रॉड बसवून तो हळूहळू लांब करावा. रॉकरमधील सैलपणा जाईल, पण व्हाल्व उचलला जाणार नाही, अशा जागी थांबून नट आवळावा.

४) रॉड काढून त्याची लांबी मोजावी. ही रॉडची योग्य लांबी. टॅपेटच्या फटीसाठी यातून काही वजा करण्याची गरज नाही. ही फट मि.मी.च्या काही दशांश भागांची असते, ती स्क्रूने मिळते. रॉड अर्धा मि.मी. इकडेतिकडे असला तरी चालतो.

५) सक्शन आणि एक्झॉस्ट, दोन्हींची मोजणी वेगळी करावी. काही इंजिनांत दोन रॉड मुळातच कमीजास्त लांबीचे असतात. म्हणून इंजिन उतरवतानाच त्यांना खुणेची चिठ्ठी बांधावी.

मोजताना एक चूक हमखास होते. रॉडच्या एका टोकाला वाटी असते. आपण व्हर्निअरने वाटीच्या काठापर्यंत मोजतो. पण स्क्रू टेकतो तो वाटीच्या तळाला. दोन बनावटींच्या वाट्या कमीजास्त खोल असल्या तर बाहेरून सारखे दिसणारे रॉड प्रत्यक्षात वेगळे ठरतात. यावर उपाय सोपा आहे. स्क्रूच्या टोकाएवढी बेअरिंगची गोळी वाटीत ठेवावी आणि गोळीसकट लांबी मोजावी. जुना, नवा आणि मापाचा, असे तिन्ही रॉड त्याच गोळीने मोजले की तुलना बिनचूक होते.

रॉड घेताना आणि बसवताना

१) इंजिनाच्या मॉडेलचा रॉड मागावा. "पाच हॉर्सपॉवरचा रॉड द्या" एवढे सांगणे पुरेसे नाही. जुना रॉड नमुना म्हणून सोबत न्यावा.

२) नवा रॉडही काचेवर लोळवून पाहावा. मधे उजेड दिसला किंवा उडी मारली तर रॉड वाकडा आहे. वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नये. तो भार आल्यावर त्याच जागी पुन्हा वाकतो.

३) टोके कडक केलेली असावीत. मऊ टोकाची वाटी लवकर झिजते आणि फट रोज वाढते.

४) झिजलेल्या वाटीत नवा स्क्रू किंवा नव्या वाटीत झिजलेला स्क्रू बसवू नये. दोन्ही एकदम बदलावे.

५) रॉड पोकळ नळीचा असेल तर आतून डिझेलने धुऊन हवा मारावी.

चालू करण्यापूर्वी

हेडचा तळ सपाट असलेल्या इंजिनात फेसिंग केल्याने पिस्टन आणि हेड यांच्यातील अंतर बदलत नाही. मात्र व्हाल्वचे तोंड पिस्टनकडे तेवढे सरकते. ब्लॉकचे तोंड कापले किंवा पातळ पॅकिंग घातले, तर दोन्ही अंतरे कमी होतात. म्हणून दोन्ही तपासावी. पिस्टनच्या माथ्यावर, व्हाल्वपासून बाजूला, शिशाच्या तारेचे तुकडे ठेवून हेड आवळावे आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वरून न्यावा. चपटी झालेली तार मोजली की पिस्टन व हेड यांतील अंतर कळते. तसेच तार व्हाल्वखाली ठेवून, रॉड व टॅपेट जोडून दोन पूर्ण फेरे द्यावेत. आलेली मापे इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील मापांशी ताडून पाहावीत.

व्हाल्व पूर्ण उघडला असताना स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले नसावेत. डीकॉम्प्रेशनची मूठ सोडलेल्या स्थितीत रॉकरला किंवा व्हाल्वला टेकत नाही ना, हेही पाहावे. हेड कापल्यावर ही बारीक गोष्ट नजरेतून सुटते आणि रॉड बरोबर असूनही व्हाल्व किंचित उघडा राहतो.

शेवटी फीलर गेजने टॅपेट सेट करावे, इंजिन हाताने चार फेरे फिरवून पुन्हा मोजावे आणि मगच चालू करावे. पहिल्या काही तासांनंतर पॅकिंग दबते, हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात. त्यानंतर टॅपेटची फट पुन्हा तपासलीच पाहिजे, कारण हेड खाली बसले की फट कमी होते.

पावसाळ्याची खबरदारी

आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. आपले डिझेल पंप पावसाळ्याचे चार महिने बंद असतात. दमट हवेत व्हाल्वची दांडी गाइडमध्ये गंजून चिकटते. पुढे हंगाम सुरू करताना जोराने हँडल मारले की कॅम रॉडला ढकलतो, व्हाल्व हलत नाही आणि मधला रॉड वाकतो. आपण नवा रॉड आणतो, तोही वाकतो. दोष रॉडचा नसतो. म्हणून पंप ठेवताना व्हाल्वच्या दांड्यांवर तेल सोडावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टी.डी.सी.वर ठेवावा म्हणजे दोन्ही व्हाल्व बंद राहतात, आणि सायलेन्सरचे तोंड झाकावे. काढताना रॉकरचे झाकण उघडून प्रत्येक व्हाल्व हातोडीच्या लाकडी दांड्याने दाबून पाहावा. तो दबून लगेच परत आला तरच हँडल मारावे.

काही प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आखूड झालेला रॉड वेल्डिंग करून वाढवला तर चालेल का?
उत्तर : चालणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने टोकांचा कडकपणा जातो आणि रॉड सरळ राहत नाही. योग्य लांबीचा मिळत नसेल तर लेथवर नवीन नळी कापून तिच्यावर कडक टोके बसवून घ्यावीत.

प्रश्न : रॉड जरा लांब आहे, तर रॉकरच्या स्टँडखाली वायसर घालून भागवावे का?
उत्तर : फट मिळेल, पण रॉकर व्हाल्वच्या टोकावर तिरका टेकू लागेल आणि गाइड झिजेल. स्टँडची उंची व्हाल्वच्या बाजूसाठी ठरवायची, रॉडच्या सोयीसाठी नाही.

प्रश्न : टॅपेट गार असताना सेट करावे की गरम?
उत्तर : पुस्तिकेत सांगितले असेल तसे. ते माहीत नसताना अंदाज करू नये. गरम झाल्यावर फट कशी बदलेल हे कोणता भाग किती वाढतो यावर असते. एक्झॉस्टची दांडी जास्त तापते, म्हणून अनेक इंजिनांत तिची फट सक्शनपेक्षा जास्त सांगितलेली असते. जुन्या बुलेट मोटारसायकलीत पुशरॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, आपल्या पंपाचे लोखंडी. म्हणून एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

प्रश्न : पॉवर टिलरचे इंजिन आडवे असते. त्यात काही वेगळे करावे लागते का?
उत्तर : मोजण्याची रीत तीच. फक्त रॉड आडवे असल्याने बसवताना टॅपेटच्या खळग्यातून घसरतात. दोन्ही टोकांना थोडे ग्रीस लावून बसवावे, आणि रॉकर आवळण्यापूर्वी रॉड बोटाने फिरवून तो खळग्यात बसल्याची खात्री करावी.

बंधूंनो, लायनर, पिस्टन, बेअरिंग यांचा खर्च टाळता येत नाही. पण तो खर्च टिकवायचा असेल तर शेवटची अर्ध्या दिवसाची मोजणी टाळू नये. इंजिन मिस्त्रीकडे देताना हेड किती कापले, पॅकिंग किती जाडीचे घातले, सीट किती कापली, टॅपेट किती घासले, ही चार मापे कागदावर लिहून मागावीत आणि तो कागद पंपाच्या पुस्तिकेत ठेवावा. पुढच्या वेळी इंजिन उतरेल तेव्हा त्या कागदावरूनच कळेल की रॉड जुना चालेल की बदलावा लागेल. ही बांधणी उन्हाळ्यातच, राब भाजणीच्या दिवसांत उरकून घ्यावी. रोपे वाढायला लागली की ती मिस्त्रीसाठी थांबत नाहीत.